सगळ्याला चालणारा रिमोट

आमच्या घरी टीव्ही उंचावर आहे. हौसेनं नाही, खाली ज्वारी-बाजरीच्या पत्र्याच्या कोठ्या आहेत म्हणून. बाहेरच्या खोलीत ती एकच भिंत अशी आहे की जिच्यावर ऊन पडत नाही आणि पावसाळ्यात ओल येत नाही. त्यामुळे धान्यालाही तीच आणि टीव्हीलाही तीच. कोठ्या हलवायच्या तर ठेवायला दुसरी कोरडी जागा नाही, आणि टीव्ही दुसऱ्या भिंतीवर न्यायचा तर गच्चीवरच्या डिशच्या छत्रीची वायर तिथवर पोचत नाही. मी टेप घेऊन मोजलं आहे. हे आधीच सांगते, कारण हे सगळं ऐकणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच विचारतो की मग टीव्ही खाली का घेतला नाही.

घरात आम्ही तिघं. मी, माझे यजमान आणि सासूबाई. सासूबाईंना आमच्याकडे आत्या म्हणतात. मी लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हिशेब बघते, घरी यायला दिवेलागण होऊन जाते. शेतीची लाइट ज्या वेळेला येईल त्या वेळेला यजमान उसाला पाणी द्यायला रानात असतात. म्हणजे संध्याकाळी आत्या घरात एकट्या. आणि कबड्डी लागते ती संध्याकाळीच.

आत्यांना मालिका चालत नाहीत. "नुस्त्या नटून एकमेकीकडं बघत्यात. कामं कवा करत्यात ह्या?" कीर्तन त्या ऐकतात, पण अर्ध्या लक्षानं, लसूण सोलता सोलता. कबड्डीला मात्र हातातलं काम खाली ठेवतात. चढाईला आलेल्या पोराची मांडी बघून तो कुठल्या बाजूला झेपावणार ते सांगतात, आणि पुष्कळदा बरोबर सांगतात. "अरं घोटा धर त्याचा, घोटा! कंबर कशाला धरतोस, लगीन लावायचंय व्हय?" हे मी अंगणात गाडी लावताना ऐकायचे, तेव्हा कळायचं की घरात सगळं ठीक आहे.

गणपती उठले आणि त्याच सुमारास टीव्हीचा रिमोट मेला. आमच्या भागात रिमोट घरात आला की त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावतात. पिठाचा हात लागू नये, धूळ जाऊ नये. आमचाही तसाच जपलेला होता. इतका, की तो चालत होता तोवर पिशवी सोडून आत बघावं असं कुणाला वाटलंच नाही. आतले सेल पाझरले. पिशवी सोडली तेव्हा स्प्रिंगा हिरव्या होऊन गळल्या होत्या आणि तो पाझर आतल्या सर्किटच्या पट्टीपर्यंत गेला होता. वरून बघाल तर रिमोट नवाकोरा.

त्या टीव्हीची कंपनीच आता राहिलेली नाही, त्यामुळे तसाच दुसरा रिमोट मिळेना. छत्रीच्या डब्याचा रिमोट वेगळा, तो शाबूत होता. त्यानं चॅनेल बदलायचे. पण लाइट जाऊन आली की टीव्ही झोपायचा आणि त्याला जागं करायचं बटण टीव्हीच्याच कडेला, कोठीच्या वर. लाइट तर आमच्याकडे रोजच जाते-येते. आत्या स्टुलावर चढायला लागल्या.

मी नको म्हटलं, यजमानांनी नको म्हटलं. "बरं" म्हणायच्या आणि आम्ही बाहेर पडलो की चढायच्या. एकदा तोल गेला. कोठीला धरलं म्हणून वाचल्या, पण कोपर सोलवटलं आणि हात काळानिळा झाला. धाकट्या भावजींनी नेमका त्याच दिवशी व्हिडिओ कॉल केला. ते पुण्यात असतात, मोठ्या सोसायटीत. कोपर बघून त्यांनी लगेच निकाल दिला.

"बास झालं आता. दिवाळीला येतो आणि आईला घेऊन जातो. कायमची."

"मी काय गाठोडं हाय?" आत्या म्हणाल्या.

"आई, तुला साधा टीव्ही लावता येत नाही तिथं. माझ्याकडे नुसतं बोललं की टीव्ही लागतो."

"मला टीव्ही लावता येतो. लावताना पडले."

"तेच म्हणतोय मी."

यजमानांनी माझ्याकडे बघितलं. धाकट्या भावाशी त्यांना बोलता येत नाही. मी बोलले. म्हटलं, "भावजी, रिमोट बिघडलाय, आत्या नाही. रिमोटचं मी बघते."

ते हसले. "वहिनी, प्रश्न रिमोटचा नाहीये." पण कारण त्यांनी टीव्हीचंच दिलं होतं. मी ते धरून ठेवलं.

पुण्याला आत्या आधी राहून आल्या होत्या. बाराव्या मजल्यावर त्यांचं पाणीसुद्धा दुसऱ्याच्या हातून यायचं. शेगडी विजेची, दार आकड्यांचं, खाली जायचं तर कुणीतरी बरोबर. परत आल्यावर अंगणातल्या नळाखाली पाय धूत त्या म्हणाल्या होत्या, "लई मान दिला. पर हातच बांधले माझे." दिवाळीला त्यांना कायमचं जायचं नव्हतं, आणि एका बटणापायी तर मी त्यांना जाऊ देणार नव्हते.

दसरा झाल्यावर आत्यांच्या डोळ्याच्या तपासणीसाठी आम्ही बारामतीला गेलो. येताना इलेक्ट्रॉनिकच्या सुट्या सामानाच्या दुकानात थांबले. दुकानदारानं एक रिमोट पुढं टाकला.

"हा घ्या ताई. सगळ्याला चालतो."

"सगळ्याला म्हणजे कशाकशाला?"

"सगळ्याला म्हणजे सगळ्याला."

"आमच्या टीव्हीची कंपनी यादीत आहे का?"

त्यानं कागद उलगडून बघितला. कंपनी नव्हती. "लागतो ओ कुठला तरी कोड. सर्च मारायचा."

आत्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी रिमोट हातात घेऊन वजन बघितलं, बटणांवरून अंगठा फिरवला. "लई बटणं हायेत," म्हणाल्या, पण तो परत ठेवला नाही. पिशवीत टाकला.

बरोबरचा कागद तिळाएवढ्या अक्षरांचा. मी चष्मा लावून तो दोनदा वाचला. रीत अशी होती : सेटचं आणि टीव्हीचं बटण एकत्र दाबून धरायचं, रिमोटचा लाल दिवा न विझता राहिला की कंपनीपुढचा तीन आकडी कोड टाकायचा. कंपनी सापडत नसेल तर शोध लावायचा. म्हणजे चालू-बंदचं बटण एकेकदा दाबत जायचं, प्रत्येक दाबण्याला रिमोट पुढचा कोड सोडतो. टीव्ही बंद झाला की तिथंच थांबायचं. यादी संपली की दिवा दोनदा लुकलुकतो.

दाबत बसले. रविवार होता. आत्या खाटेवर, यजमान उंबऱ्यात चहा घेत. टीव्ही चालू होता, त्यावर कुणीतरी ढोकळा करत होतं. मी दाबतेय, बाई ढोकळा करतेय. दिवा दोनदा लुकलुकला. यादी संपली आणि ढोकळा तयार झाला. टीव्ही जसाच्या तसा.

पुन्हा पहिल्यापासून केलं, या वेळी सावकाश. मग कागदावरच्या सगळ्या कंपन्यांचे कोड हातानं टाकून बघितले. टीव्हींच्या आतलं सर्किट बहुतेक एकमेकांसारखंच असतं, नाव वेगळं असलं तरी, असा माझा अंदाज होता. काही नाही.

यजमान म्हणाले, "सोड आता. फसवलं त्यानं."

मी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, तुमचा टीव्हीच गेलाय. किती दिवस जुनं धरून बसणार? नवा घ्या, भिंतीएवढा."

"टीव्ही बटणावर लागतो. चित्र आहे, आवाज आहे. मग गेलंय काय ते सांगा."

"बरं, रिमोट दाबतानाचा व्हिडिओ पाठवा. बघतो."

त्याला मला फोनवरून कटवायचं होतं हे कळत होतं. पण व्हिडिओ मागितला आहे तर पाठवायचा. एका हातात मोबाइल धरला, दुसऱ्या हातानं रिमोटचं तोंड मोबाइलकडं करून बटण दाबलं. मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळा उजेड लुकलुकला. मोबाइल बाजूला करून बघितलं, काही नाही. पुन्हा मोबाइलमधून बघितलं, पुन्हा जांभळा. डोळ्याला न दिसणारा उजेड मोबाइलला दिसत होता.

व्हिडिओ मी पाठवलाच नाही. मला पाहिजे ते मिळालं होतं. रिमोट बोलतो आहे. म्हणजे ऐकणाऱ्यात खोट आहे. टीव्ही ऐकतो कुठून?

मी स्टूल घेऊन वर चढले. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर उजव्या कोपऱ्यात एक लाल दिवा असतो, टीव्ही झोपला की लागतो. त्याच्याच शेजारी मसुराएवढी काळी काच असते. आमच्या टीव्हीला ती काच दिसेना. तिथं हळदीकुंकवाचा जाड, वाळून टणक झालेला टिळा होता. वर दोन तांदूळ चिकटलेले.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. पाण्याची मोटर, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, मिक्सर, वजनकाटा, माझा कॅल्क्युलेटरसुद्धा. ही पूजा आत्या करतात. मामंजी गेले त्या वर्षी समोरच्या दोघीतिघींनी गोड बोलून सुचवून पाहिलं होतं, की आता करंडा सुनेच्या हातात द्यावा, तिच्या हातानं बरं दिसतं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि करंडा उचलून पदराखाली धरला. "ट्रॅक्टर काय विचारतोय व्हय, तुजा नवरा हाय का म्हणून? त्येला तेल कोण घालतंय, त्ये त्येला ठाव हाय." तेव्हापासून दर वर्षी त्या जरा जास्तच जाड टिळे लावतात.

यंदा टीव्हीला लावताना यजमानांनी स्टूल धरलं होतं. एरवी त्या टीव्हीच्या डोक्यावर लावायच्या. यंदा त्यांना तो लाल दिवा दिसला. "हितं त्येचा जीव हाय," म्हणून तिथंच लावला. रिमोट आधीच मेलेला होता, त्यामुळे त्या टिळ्यानं काही अडलं आहे हे कळायला मार्गच नव्हता. पूजेचं हळदीकुंकू आम्ही पुसत नाही, ते आपण होऊन झडू देतो. मी रोज टीव्ही पुसते आणि रोज त्या टिळ्याच्या कडेनं फडकं वळवत होते.

स्टुलावरूनच म्हटलं, "आत्या, हे हळदीकुंकू काढावं लागेल. ह्याच्या मागं टीव्हीचा कान झाकलाय."

"काढायचं न्हाय."

"थोडंच काढते."

"पूजेचं आपण होऊन पडतंय. हातानं काढत न्हाईत. आन मी लावलेलं तर आजाबात न्हाय."

यजमान म्हणाले, "आई, उगं हट्ट करू नको."

"तू गप. तुला न्हाय कळायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उद्या त्या समोरच्या म्हणतील, बघा, हिनं हात लावला आन टीव्ही बसला. सांगितलं हुतं तवाच. त्यांच्या तोंडाला काय झाकण घालशील?"

मला आधी हसू येणार होतं, ते आलं नाही. त्यांचं कोपर अजून पुरतं बरं झालं नव्हतं. दिवाळी तोंडावर आली होती. पुण्याला जायचं की नाही ते त्या टिळ्यावर आलं होतं, आणि हे त्यांनाही कळत होतं. तरी त्या हटत नव्हत्या. मी खाली उतरले आणि त्यांच्यासमोर बसले.

"आत्या, तिथं मी लावलं असतं तरी टीव्ही असाच बसला असता. सवाष्णीचं कुंकू काय काचेचं असतं? त्यातून उजेड आरपार जातो का?"

त्या नाकातून हसल्या. "काचेचं," म्हणाल्या. "त्या समोरचीचं असंल. लई टेंभा मिरवती." आणि खाटेवरून उठल्या. "पुसायची न्हाय. सरकवते. धरा मला."

त्यांना पुन्हा स्टुलावर चढू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण ते काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं यजमानांनी. आत्यांनी बोट पाण्यात बुडवून टिळा भिजवला आणि नखानं हळूहळू पट्टीच्या पार डाव्या टोकाला नेला. तांदळाचे दाणेसुद्धा उचलून तिकडे चिकटवले. "सरक बाबा जरा," टीव्हीला म्हणाल्या, "तुला ऐकू येत न्हाय म्हणत्यात." काच ओल्या पदरानं स्वतःच पुसून घेतली.

यजमान म्हणाले, "आता? परत पहिल्यापासून?"

"परत पहिल्यापासून."

आधी केलेला एकही कोड आता धरता येत नव्हता. बहिऱ्यापुढं म्हटलेला पाढा चुकला की बरोबर, कसं सांगणार? मी सेट दाबला आणि सुरुवात केली. फार वेळ लागला नाही. एका दाबण्याला टीव्ही टप्पकन बंद झाला.

"झालं!" यजमान उठलेच.

झालं नव्हतं. चालू-बंद होत होतं, पण आवाज वाढवायला गेलं की पडद्यावर दुसरंच पान यायचं. यजमान म्हणाले, "चालू-बंद हुतंय की. आणखी काय पाहिजे?" मी तो कोड सोडून दिला. अर्धं चालणाऱ्याला चालतं म्हणायचं नाही. आठवडाभरात आत्यांच्या हातून भलतं पान उघडलं असतं, निळा पडदा आला असता, त्या पुन्हा स्टुलावर चढल्या असत्या, आणि भावजींचं म्हणणं खरं ठरलं असतं. पुढं दाबत गेले. आणखी एक असाच अर्धा निघाला, तोही सोडला. नंतरच्या एका कोडवर टीव्ही बंद झाला, चालू झाला, आवाज वर गेला, खाली आला, छत्रीच्या डब्यावर जायचं बटणही चाललं. सगळं पुन्हा एकदा तपासलं. मग तो कोड पक्का केला.

राहिला छत्रीचा डबा. त्याचा रिमोट जिवंत असल्यानं ते काम सोपं होतं. पोळपाटावर दोन्ही रिमोट नाकाला नाक लावून ठेवायचे, नव्याला शिकायला लावायचं, जुन्यावर एक बटण दाबायचं, नवा ते उचलतो. मग पुढचं बटण. आत्या वाकून बघत होत्या.

"ह्यो त्येच्याकडनं शिकतोय व्हय?"

"होय."

"आन शिकताना कोण हसत न्हाय त्येला?"

त्यांना लागणार नाहीत अशी बटणं मी चिकटपट्टीनं झाकली. चालू-बंद, आवाज, चॅनेल आणि कबड्डीच्या चॅनेलचे आकडे एवढंच उघडं ठेवलं. त्यांनी रिमोट घेतला, खाटेवर नेहमीच्या जागी बसल्या, टीव्ही बंद केला, चालू केला, आवाज वाढवला. चॅनेलचे आकडे दाबताना एक चुकला, तर दुसऱ्यांदा दाबले. आम्ही दोघं मधे बोललो नाही. यजमान पिशवी आणि रबर घेऊन आले, तर आत्यांनी तो हात बाजूला सारला. "नको. उघडाच राहू दे. बिघाड झाला तर दिसला पायजे."

दिवाळीला भावजी आले, एकटेच, मोठी गाडी घेऊन. आईचं सामान मागच्या सीटवर मावेल असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. सामान बांधलेलं नव्हतं. आत्यांनी त्यांना ओवाळल्यासारखं नीट बघितलं, चकली दिली आणि खाटेवर जाऊन बसल्या. सामना सुरू होता.

"आई, उद्या सकाळी निघायचं ना?"

आत्यांनी आवाज वाढवला.

"आई, मी काय विचारतोय?"

"चढाई चाललीय. मधी बोलू नको."

तेवढ्यात लाइट गेली. अंधारात भावजी म्हणाले, "बघा, हेच म्हणत होतो मी." लाइट आली. टीव्ही झोपलेला, कोपऱ्यात लाल दिवा. आत्यांनी बसल्या जागेवरून हात लांब केला. टीव्ही लागला. गेलेला आवाज त्यांनी पुन्हा होता तिथवर नेला, आणखी थोडा वर.

भावजी माझ्याकडे वळले. "ठीक आहे वहिनी, टीव्हीचं केलंत. पण बाकीचं? वय, तब्येत, एकटं राहणं?"

"त्यांना न्यायचं कारण तुम्ही टीव्ही सांगितलं होतं," मी म्हटलं. "ते कारण आता राहिलेलं नाही. दुसरं असेल तर दुसरं सांगा, त्यावर दुसऱ्यांदा बोलू. पण ते त्यांच्यासमोर सांगा आणि सामना संपल्यावर सांगा."

"तुम्ही कायम हिशेबातच बोलता."

"हो."

यजमान इतका वेळ कोठीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "आई हितंच राहील." एवढंच. पण धाकट्या भावाला असं सांगताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

भावजी रात्री जेवताना बरेच बोलले, पुण्याच्या डॉक्टरांबद्दल, लिफ्टबद्दल. आत्या सगळ्याला हो-हो करत राहिल्या आणि त्यांच्या ताटात लाडू वाढत राहिल्या. ते जायला निघाले तेव्हा सकाळीच कालच्या सामन्याचं पुन्हा प्रक्षेपण लागलं होतं. निरोपाचं बोलणं त्या आवाजावरून ओरडून करावं लागलं. त्यांनी आईच्या पाया पडून विचारलं, "ऐकू तरी येतंय का मी काय म्हणतोय ते?"

"काय?" आत्या म्हणाल्या.

मागच्या सीटवर फराळाचे डबे गेले, दुसरं काही नाही. गाडी कालव्याच्या वळणाला दिसेनाशी झाल्यावर आत्या आत आल्या, खाटेवर बसल्या आणि त्यांनी आवाज कमी केला. इतका कमी, की स्वयंपाकघरातून मला काही ऐकू येईना. त्या मात्र नीट ऐकत होत्या.